रुग्णालयाच्या दारातील शमीवृक्ष
(नभोवाणीवरील भाषण)

दसऱ्याच्या दिवशी आपण शमीचे पूजन करतो, तेव्हा विराटनगरीची कथा आपल्या स्मरणात असते. अज्ञातवासासाठी त्या नगरीत पाऊल टाकण्यापूर्वी पांडवांनी आपली सारी शस्त्रे एकत्र बांधून स्मशानाजवळच्या शमीवृक्षावर ठेविली. ते काही भित्रे नव्हते. आपण जेथे जात आहोत, तेथे ही शस्त्रे बरोबर असणे हिताचे नाही, एवढे त्यांनी वेळीच ओळखले. आज मला ज्या विषयावर बोलावयाचे आहे, तो वरवर पाहता या कथेपासून दूरचा वाटेल. परवान्याचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर कपड्यांखाली बाळगणारा मनुष्य रुग्णालयात जातो, तेव्हा त्याने त्या शस्त्राचे काय करावे, हा तो विषय आहे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी शस्त्र नसते. मग ही चर्चा आपल्याला कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु रुग्णालयात सर्वांनाच जावे लागते, आणि तेथे शेजारच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या कमरेला काय आहे हे आपल्याला ठाऊक नसते. ग्वाल्हेर, भिंड, मुरैना या बाजूस खांद्याला बंदूक अडकवून बाजाराला आलेला मनुष्य पाहून कोणी मान वळवीत नाही. इतर शहरांतूनही सराफ, पेट्रोलपंपाचे मालक, कंत्राटदार, रोकड नेणारे रक्षक, पुढाऱ्यांचे अंगरक्षक असे कितीतरी लोक रीतसर परवान्याचे शस्त्र जवळ बाळगतात. त्यांच्या हेतूविषयी मला शंका घ्यावयाची नाही. दुष्ट हेतूने शस्त्र आणणाऱ्याचा बंदोबस्त हा पोलिसांचा विषय. मी बोलणार आहे ते सज्जनाच्या शस्त्राविषयी. कारण त्यानेही अनर्थ घडू शकतो आणि घडलेला आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र अधिनियम लागू आहे आणि त्याखाली २०१६ साली नवे नियम झाले. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यावयाचे, तर ते शरीराला बांधलेल्या होल्स्टरमध्ये अथवा त्यासारख्या पिशवीत असावे, ते पूर्णपणे झाकलेले असावे, आणि बाळगणाऱ्याचा त्यावर पुरेसा ताबा असावा, असे हे नियम सांगतात. म्हणजे शस्त्र झाकून नेणे हा आपल्याकडे गुन्हा नसून परवानाधारकाचे कर्तव्यच आहे. मिरवण्यासाठी ते बाहेर काढणे हाच दोष.

अमेरिकेत या प्रश्नाला वेगळा इतिहास आहे. तेथे शस्त्र बाळगणे हा राज्यघटनेने मान्य केलेला हक्क आहे, आणि स्वसंरक्षणासाठी घराबाहेरही पिस्तूल जवळ ठेवण्याचा हक्क त्यात येतो, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या जूनमध्ये दिला. त्या निर्णयानंतर न्यूयॉर्क राज्याने त्याच वर्षी नवा कायदा केला आणि काही स्थाने नाजूक ठरवून तेथे शस्त्र नेण्यास बंदी केली. त्या स्थानांत आरोग्यसेवा जेथे मिळते ती ठिकाणेही आहेत. हक्क मानणारा देश असो की परवाना देणारा, रुग्णालयाच्या दाराशी येऊन दोघांनाही थबकावे लागते. असे का व्हावे?

याचे कारण असे की, शस्त्र सांभाळण्याचे जे नियम इतरत्र पुरेसे ठरतात, ते रुग्णालयात पुरे पडत नाहीत. ते नियम मुळात थोडेच आहेत. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजावे. ज्याला इजा करावयाची नाही त्याच्याकडे नळी कधीही रोखू नये. नेम धरून गोळी झाडण्याचा निश्चय होईपर्यंत बोट चापावर नेऊ नये. आणि आपल्या लक्ष्याच्या पलीकडे काय आहे ते पाहावे. यांत आणखी एका नियमाची भर घातली पाहिजे. पिस्तूल नुसते कमरेत खोचू नये. चाप पूर्ण झाकणारे घट्ट होल्स्टर हवे. या एका गोष्टीच्या अभावी काय होते ते अमेरिकन फुटबॉलमधील नामांकित खेळाडू प्लॅक्सिको बरेस याला २००८ च्या नोव्हेंबरमध्ये कळले. न्यूयॉर्कमधील एका रात्रीच्या क्लबात त्याच्या विजारीत खोचलेले पिस्तूल घसरू लागले. ते सावरण्यास त्याने हात घातला, आणि गोळी त्याच्याच मांडीत शिरली. न्यूयॉर्कचा परवाना त्याच्याजवळ नव्हता. पुढल्या वर्षी त्याला दोन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

आता हेच नियम रुग्णालयात लावून पाहा. या साऱ्या नियमांच्या मुळाशी एक गृहीत आहे: शस्त्र बाळगणारा मनुष्य शुद्धीवर आहे, अंगावर कपडे आहेत आणि त्याच्या हालचाली त्याच्या स्वाधीन आहेत. रुग्णालयात हेच गृहीत ढासळते. तपासणीसाठी कपडे उतरावे लागतात. भूल दिली जाते. अपघातात बेशुद्ध झालेल्या माणसाचे कपडे परिचारिका कात्रीने कापून काढतात. त्या कपड्यांच्या घडीत भरलेले रिव्हॉल्व्हर आहे याची तिला कल्पना नसते. ज्या ताब्याचा कायदा उल्लेख करतो, तो ताबा येथे धन्याच्या हातून नकळत सुटतो आणि ज्याला शस्त्राची माहितीच नाही अशा माणसाच्या हाती जातो.

रुग्ण सोडून सोबत आलेल्या मनुष्याचा विचार करू. तोही रात्रभर जागलेला असतो, चिंतेने व्याकूळ असतो. औषधाच्या दुकानापासून रक्तपेढीपर्यंत धावत असतो. हातातील पिशवी तो बाकावर टाकून जातो. बाकावर कोणाची तरी लहान मुले बसलेली असतात. २०१४ च्या डिसेंबरात अमेरिकेतील आयडाहो राज्यात एका दुकानात जे घडले, ते येथे सांगणे अवश्य आहे. एका तरुण मातेच्या हातपिशवीत रीतसर परवान्याचे पिस्तूल होते. पिशवी खरेदीच्या ढकलगाडीत होती आणि गाडीत तिचे दोन वर्षांचे मूल बसले होते. त्या मुलाचा हात पिशवीत गेला, गोळी सुटली, आणि माता जागीच ठार झाली. ती निष्काळजी बाई होती असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. ती पिशवी पिस्तुलासाठीच खास बनविलेली होती. पिशवी शरीरापासून दूर झाली, एवढेच.

स्वच्छतागृहाचेही तसेच. कंबरपट्टा सोडताना शस्त्र काढून बाजूला ठेवावे लागते, आणि घाईत ते तेथेच राहते. २०१५ साली वॉशिंग्टनमधील कॅपिटॉल या संसदभवनात तेथील प्रशिक्षित पोलिसांनीच पिस्तुले स्वच्छतागृहांत विसरल्याचे उघडकीस आले. त्यांपैकी एक लहान मुलाला सापडले होते. ज्यांचा व्यवसायच शस्त्राचा आहे त्यांची ही कथा, तर वर्षातून चार वेळा होल्स्टर बांधणाऱ्याने आपल्या स्मरणशक्तीवर किती विसंबावे?

आणखी एक आकडा सांगतो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००० ते २०११ या काळात तेथील रुग्णालयांशी संबंधित अशा गोळीबाराच्या १५४ घटना अभ्यासल्या. तातडीच्या उपचारांच्या विभागात झालेल्या गोळीबारांपैकी सुमारे २३ टक्के प्रकारांत शस्त्र हल्लेखोराने बरोबर आणलेले नव्हते. ते त्याने सुरक्षारक्षकाकडून हिसकावून घेतलेले होते. शस्त्र जवळ असल्याने सुरक्षितता वाढते, असे मानणाऱ्याने या आकड्यावर क्षणभर थांबावे. दाटीवाटीच्या जागेत, झटापटीच्या प्रसंगी, कमरेचे शस्त्र कोणाच्या हाती जाईल हे सांगता येत नाही.

येथवर सांगितलेले धोके माणसाच्या चुकीतून उद्भवणारे होते. परंतु रुग्णालयात एक स्थान असे आहे की, तेथे माणसाने चापाला बोट न लावताही पिस्तूल सुटू शकते. ते स्थान म्हणजे एमआरआय तपासणीची खोली.

या यंत्राचे मर्म एका प्रचंड चुंबकात आहे. सर्वसाधारण यंत्राचे चुंबकीय बल दीड टेस्ला असते. होकायंत्राची सुई फिरविणाऱ्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या ते सुमारे तीस हजार पट भरते. द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवलेल्या तारांच्या वेटोळ्यांतून वाहणाऱ्या विजेमुळे हे बल निर्माण होते. ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की, तपासणी चालू नसली, खोलीत कोणी नसले, रात्रीचे दोन वाजले असले, तरी चुंबक चालूच असते. दिव्यासारखे बटण दाबून ते मालवता येत नाही. म्हणून लोखंडाची वस्तू घेऊन त्या खोलीत गेलेल्या माणसाला प्रारंभी काहीच जाणवत नाही. दोन पावले पुढे टाकताच ती वस्तू त्याच्या हातून ओढली जाते. मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयात २०१८ च्या जानेवारीत आप्ताला सोबत म्हणून आलेला एक तरुण प्राणवायूचे नळकांडे घेऊन या खोलीत गेला, नळकांड्यासह यंत्राकडे खेचला गेला आणि प्राणास मुकला. नळकांड्याची ही गत, तर भरलेल्या पिस्तुलाची काय होईल?

त्याचे उत्तर न्यूयॉर्क राज्यातील एका तपासणी केंद्राने २००० साली पाहिले. एक पोलीस अधिकारी, कामावर नसताना, स्वतःच्या तपासणीसाठी तेथे गेला. आपल्याजवळ पिस्तूल आहे हे त्याने सांगितलेही होते. परंतु ते कोठे ठेवावयाचे याविषयी त्याच्यात आणि तंत्रज्ञात गैरसमज झाला, आणि तो ते हातात घेऊन यंत्राच्या खोलीत शिरला. यंत्रापासून सुमारे तीन फुटांवरील कपाटावर ते ठेवू लागताच ते हातातून सुटले, यंत्रावर आदळले, आणि गोळी सुटून मागच्या भिंतीत रुतली. कोणाला इजा झाली नाही, हे दैव. पण नवल असे की, पिस्तुलाचा सेफ्टीचा खटका लावलेला होता! नंतर तज्ज्ञांनी याची मीमांसा केली. काडतुसावर आघात करणारी जी खीळ असते, तिला अडवून धरणारा एक लहानसा पोलादी तुकडा पिस्तुलाच्या पोटात असतो. चुंबकाने तो तुकडाच आपल्या जागेवरून ओढला असावा. मग पिस्तूल आदळताच खीळ पुढे गेली. सेफ्टीचा खटका चापाला रोखतो. येथे चापाची गरजच उरली नाही.

आपल्या देशातही असा प्रकार घडला आहे. २०१७ साली लखनौमध्ये एका मंत्रिमहोदयांच्या तपासणीच्या वेळी त्यांचा अंगरक्षक भरलेल्या पिस्तुलासह त्या खोलीत शिरला आणि पिस्तूल यंत्राला जाऊन चिकटले. यंत्र बंद पडले, आणि तारखा मिळवून ताटकळत बसलेल्या रुग्णांना दुसरीकडची वाट धरावी लागली. ब्राझीलमधील साओ पावलो शहरी २०२३ च्या जानेवारीत एक वकील आपल्या मातेला तपासणीसाठी घेऊन गेला. धातूच्या वस्तू बाहेर काढून ठेवाव्यात अशी सूचना दोघांनाही दिलेली होती. त्याने कमरेचे पिस्तूल मात्र काढले नाही, आणि ते आहे असे सांगितलेही नाही. चुंबकाने ते ओढले, गोळी त्याच्या पोटात शिरली, आणि सुमारे तीन आठवड्यांनी तो मृत्यू पावला. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एका महिलेला अशीच गोळी लागली. सुदैवाने जखम किरकोळ होती. तपासणीपूर्वीच्या प्रश्नावलीत शस्त्राविषयी स्पष्ट प्रश्न होता, आणि तिने त्याला नाही असे उत्तर दिले होते.

श्रोतेहो, या शेवटच्या दोन घटनांत मला आजच्या विषयाचे सार दिसते. प्रश्न विचारला गेला होता, सूचना दिली गेली होती, आणि तरीही माणसे गप्प राहिली. का? काहींना वाटते, शस्त्र आहे असे म्हटले तर लोक आपल्याकडे निराळ्या नजरेने पाहतील. काहींना वाटते, ते आपल्याकडून काढून घेतील आणि परत मिळताना त्रास होईल. पुष्कळांना तर ते शस्त्र इतके अंगवळणी पडलेले असते की, घड्याळ किंवा जानवे जसे आठवत नाही, तसे तेही आठवत नाही. आणि काहींच्या मनात आपली जुनी म्हण असते, झाकली मूठ सव्वा लाखाची.

परंतु झाकणे आणि लपविणे यांत अंतर आहे. शस्त्र झाकावे असे कायदा सांगतो, तो रस्त्यावरील लोकांना भय वाटू नये म्हणून. ज्याच्या हाती आपण आपला देह सोपविणार, त्या डॉक्टरापासून, परिचारिकेपासून, तंत्रज्ञापासून ते लपवावे असे कायदा कोठेही सांगत नाही. वैद्याजवळ आपण आपले व्यसन लपवीत नाही, घराण्यातील रोग लपवीत नाही. मग कमरेचे पिस्तूलच काय म्हणून लपवावे?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो फोल नाही. ज्याच्या जिवावर वैरी टपले आहेत, त्याला रुग्णालयात तरी निःशस्त्र कसे जाता येईल? रुग्णालयांतही हल्ले झालेले आहेत. मी म्हणतो, अशा माणसाने अवश्य संरक्षण घ्यावे. परंतु ते अंथरुणावर पडलेल्या रुग्णाच्या उशीखाली असू नये. त्याने आधी पोलिसांना आणि रुग्णालयाच्या व्यवस्थापकांना कळवावे; रक्षक नेमलेला असेल तर तो तपासणीच्या खोलीबाहेर, ठरवून दिलेल्या जागी उभा राहावा. सलाइनची नळी लावलेल्या हाताने कोणी कोणाचे रक्षण केलेले नाही.

मग प्रत्यक्षात करावे काय? पहिली आणि सर्वांत सोपी गोष्ट ही की, रुग्णालयात जाण्याचे आधी ठरलेले असेल तर शस्त्र घरी, काडतुसे निराळी काढून, कुलपात ठेवून निघावे. शस्त्रक्रियेसाठी अनेक दिवस राहावयाचे असेल आणि घरी जबाबदार कोणी नसेल, तर ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. निवडणुकीच्या वेळी आपण शस्त्रे जमा करतोच. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

दुसरी गोष्ट, अवचित प्रसंगाची. मध्यरात्री वडिलांच्या छातीत कळ येते, आणि आपण आहोत तसे धावत सुटतो. दारात पोहोचल्यावर आठवते की पिस्तूल कमरेलाच आहे. अशा वेळी ते बाहेर काढू नये. अनेक अपघात शस्त्र होल्स्टरमध्ये असताना होत नाहीत. ते काढताना, रिकामे करताना, दुसऱ्याच्या हाती देताना होतात. पडद्याआड उभे राहून मॅगझिन काढण्याचा खटाटोप करू नये. मॅगझिन काढले तरी एक काडतूस चेंबरमध्ये राहते, हे घाईत विसरले जाते. ते परिचारिकेच्या हाती देऊ नये, मेहुण्याच्या खिशातही सरकवू नये. ज्याच्या नावाचा परवाना नाही त्याच्या हाती शस्त्र देणे म्हणजे त्याला कायद्याच्या कचाट्यात लोटणे आहे. मोटारीच्या आसनाखाली ठेवलेले पिस्तूल चोराच्या उपयोगी पडते. म्हणून होल्स्टरला हात न लावता सुरक्षा अधिकाऱ्याला हलक्या आवाजात सांगावे, ‘माझ्याजवळ परवान्याचे शस्त्र आहे, ते कोठे ठेवू?’ आणि तो दाखवील त्या निर्वेध जागी, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, ते स्वतःच्या हाताने ठेवावे.

तिसरी गोष्ट घरच्या माणसांची. परवानाधारक बेशुद्ध असेल, तर त्याच्याबरोबर आलेल्या पत्नीने, मुलाने वा शेजाऱ्याने डॉक्टरांना पहिल्या दोन वाक्यांतच हे सांगितले पाहिजे. मधुमेह आहे, अमुक औषध चालत नाही, आणि कमरेला पिस्तूल आहे. यास्तव घरात शस्त्र आहे आणि ते कोठे असते, हे घरातील मोठ्या माणसांना ठाऊक हवे.

रुग्णालयांचेही कर्तव्य आहे. न्यूयॉर्कच्या त्या अधिकाऱ्याने खरे सांगितले होते. गफलत झाली ती पुढे. म्हणून शस्त्राविषयीचा प्रश्न छापील कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत असून भागणार नाही. तो तोंडी, रुग्णाच्या भाषेत, आणि सोबत्यालाही विचारला पाहिजे. धातूची वस्तू आहे काय, एवढे विचारल्यास लोक किल्ल्या आणि अंगठ्या काढून देतात. पिस्तुलाचे नाव घेऊनच विचारावे. आणि दाराशी कुलपाची पेटी, नोंदवही व एक जाणता मनुष्य हवा. आपले शस्त्र सुखरूप परत मिळेल अशी खात्री वाटली, म्हणजे माणूस खरे सांगतो.

पांडवांची शस्त्रे शमीवर वर्षभर राहिली. कौरव गाई वळवून नेऊ लागले, त्या दिवशी अर्जुनाने उत्तराला त्याच झाडावर चढविले, आणि गांडीव जसे ठेविले होते तसेच त्याच्या हाती आले. शस्त्र दूर ठेविल्याने त्याचे सामर्थ्य उणे झाले नाही. आपल्या प्रत्येक रुग्णालयाच्या दाराशी असा एक शमीवृक्ष असावा, आणि शस्त्रधाऱ्याने तेथे क्षणभर थांबून आपले ओझे उतरावे. आत त्याचा बाप, त्याचे मूल, आणि अनोळखी माणसांचीही मुलेबाळे आजाराशी झुंजत पडलेली असतात.